कासरा हलका पडतो तेव्हा

दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला तो दोन दारांची नवी स्पोर्ट्स कार घेऊनच. समृद्धीवरून मजेत आलेल्या त्या गाडीचं पोट आमच्या गावच्या पहिल्याच गतिरोधकावर घासलं, आणि पोरांचा घोळका तिथेच जमला. आमचे काका तरुणपणी तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धुरकरी (जोडी हाकणारे) होते. आता दारात जुनी मारुती ८०० असते. पुतण्याने त्यांना आग्रहाने स्टिअरिंगवर बसवलं. दहा किलोमीटर चालवून काका उतरले. "पयते लय," म्हणाले, "पन हातात काई येतच नाई. गाडी चालवून रायलो का टीव्ही पाहून रायलो, समजत नाई."

म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून सोडून देता आलं असतं. पण काकांच्या बोलण्यात टायरचं भौतिकशास्त्र आहे.

वळणावर टायरचा जमिनीला टेकलेला तळहाताएवढा भाग थोडा पिळला जातो. रस्ता त्याला आडवा ढकलतो, पण हा जोर त्या भागाच्या बरोबर मध्यावर नसतो, जरा मागे लागतो. त्यामुळे चाक सरळ व्हायला बघतं आणि स्टिअरिंग हाताला ओढ देतं. वेग वाढवत नेला की टेकलेल्या भागाचा मागचा हिस्सा आधी घसरू लागतो. जोराचा बिंदू पुढे सरकतो, ओढ कमी होते, स्टिअरिंग हलकं पडतं. गंमत अशी की हे टायरची पकड सुटण्याच्या थोडं आधी घडतं. म्हणजे चाक आधीच सांगून ठेवतं, ‘आता पुरे.’ कासऱ्यातून बैलाचा बेत धुरकऱ्याला कळतो, तसंच हे. कासरा फक्त हुकूम नेत नाही, निरोपही आणतो.

हा निरोप कसा पुसट होत गेला ते पोर्श ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारच्या एकाच घराण्यात दिसतं. १९६४ च्या सुमाराची पहिली ९११ साधारण १,०८० किलोची, १३० अश्वशक्तीची. टायर १६५ मिलिमीटर रुंद, आणि स्टिअरिंगला कसलीच मदत नाही. १९८९ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग आलं, २०११ मध्ये विजेच्या मोटरचं. २०१९ च्या पिढीतली साधी ९११ दीड टनाच्या आसपास, ३८५ अश्वशक्तीची, आणि मागचे टायर २९५ मिलिमीटरचे. मोटर आणण्यामागे कारण होतं. तेलाचा पंप इंजिनावर सतत फिरत राहून इंधन खातो, मोटर मात्र वळवतानाच वीज घेते. पण मोटरचं स्वतःचं जडत्व आणि घर्षण रस्त्याची बारीक थरथर गिळून टाकतं. आपल्या बोटांच्या त्वचेतले कंपन ओळखणारे काही संवेदक सेकंदाला २५० च्या आसपास कंपनांना सर्वांत तल्लख असतात. त्यांना मग फारसं काम उरत नाही.

दुसरी भानगड पकडीची. चिखलदऱ्याच्या घाटात ३० मीटर त्रिज्येचं वळण आपण ताशी ४० किलोमीटरने घेतलं असं धरा. गाडीला आडवा जोर लागतो गुरुत्वाकर्षणाच्या ०.४२ पट. अरुंद, कडक टायरच्या जुन्या गाडीची मर्यादा ०.७ धरली, तर तिची ६० टक्के ताकद तिथेच खर्ची पडते. ती झुकते, टायर कुरकुरतात, चालकाला काम मिळतं. नवीची मर्यादा १.१ धरा, तर तिला जेमतेम ३८ टक्के लागतात. तिला तेवढंच जागं करायचं तर त्याच वळणावर पन्नासपर्यंत जावं लागेल, आणि समोरून एसटी आली तर? जुन्या गाडीची मजा कायद्याच्या आत मिळते. माझ्या मते खरा फरक हाच आहे.

समृद्धीवर तर ताशी १२० ची मुभा आहे, तरी तिथे झोप येते. आपल्या कानाच्या आत चुनखडीचे बारीक कण असतात (ज्या चुनखडीवर कोरपना-राजुऱ्याचे सिमेंट कारखाने उभे आहेत, तेच कॅल्शियम कार्बोनेट). वेग बदलला की हे कण मागे-पुढे सरकतात आणि मेंदूला खबर जाते. वेग स्थिर राहिला की ते गप्प बसतात. सरळ रस्त्यावर १२० काय आणि ६० काय, कानाला सारखंच. मजा वेगात नसते, वेगाच्या बदलात असते, आणि तो बदल आपल्या हातापायांनी घडवला तर जास्तच.

नव्या गाडीला नावं ठेवताना मी हात आखडतो, कारण रात्री रस्त्यात रोही (नीलगाय) आडवा आला तर मला नव्याच गाडीचे ब्रेक हवेत. चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा आणि घसरती गाडी सावरणारा संगणक ८०० मध्ये नाही. आणि काळ्या मातीवरचा आमचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, त्याच्या लाटांवर जुनी गाडी जे निरोप देते ते सगळेच काही ऐकण्याजोगे नसतात.

हरवलेलं परत आणायची धडपड कंपन्याही करतात. ह्युंदाईच्या २०२३ च्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीत गिअर नाहीत, पण गिअर बदलल्यासारखा झटका आणि इंजिनासारखा आवाज मुद्दाम दिला आहे. हे काकांना सांगितलं तर ते हसले. "म्हंजे ट्रॅक्टरले घुंगरमाळ बांधली म्हना की."

गेल्या पोळ्याला आमच्या ट्रॅक्टरला ती त्यांनीच बांधली होती.