लिहायचा 'त', बोलायचा 'क': सामोअन भाषेची दोन रूपे

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांच्या भाषेत, सामोअनमध्ये, 'माणूस' हा शब्द लिहितात 'ताङाता', पण घरात ऐकू येतो 'काङाका'. यात अशुद्ध काही नाही. बोलताना 'त'चा 'क' होतो आणि 'न'चा 'ङ'.

१८३० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स सामोआच्या सवाई बेटावर उतरले. त्यांच्यामागून आलेल्या मिशनऱ्यांनी भाषेला रोमन अक्षरे दिली, ती त्या वेळी रूढ असलेल्या 'त'च्या उच्चारावरून. मूळ अक्षरे १४. बायबलातली नावे आणि परके शब्द लिहिता यावेत म्हणून ह, क, र ही आणखी तीन. पाद्र्याच्या शाळेत भिंतीवर लावलेल्या 'पी ताउताउ' तक्त्यावर आजही त्यांची चित्रे दिसतात: क म्हणजे 'केरिसो' (ख्रिस्त), र म्हणजे 'रापिती' (ससा).

संपूर्ण बायबल १८५५ मध्ये आले आणि लेखी 'त' पक्का झाला. बोलण्यातला 'क' त्याच शतकात झपाट्याने पसरला, पण तोवर छपाई ठरून गेली होती. 'त'च्या बोलण्याला 'ताउताला लेलेई' म्हणजे चांगले बोलणे, तर 'क'च्या बोलण्याला 'ताउताला लेआङा' म्हणजे वाईट बोलणे, अशी नावे पडली. दुसरे नाव अन्यायाचे आहे. प्रार्थना, शाळा, रेडिओवरच्या बातम्या 'त'मध्ये चालतात हे खरे. पण गावच्या सभेत 'तुलाफाले', म्हणजे वक्ते-सरदार, आपली सर्वांत भारदस्त भाषणे 'क'मध्येच करतात.

आदर मात्र या अक्षरांवर नाही, शब्दांवर ठरतो. आपण 'या'चे 'यावे' करतो. तिथे नामच बदलते. साधे घर 'फाले', 'अली'ई' सरदाराचे 'माओता', तुलाफालेचे 'लाओआ'. स्वतःच्या घराला मात्र कोणीही 'फाले'च म्हणायचे.

शिकणारा अडखळतो तो खुणांपाशी. 'उलू' म्हणजे डोके. आरंभी घशात श्वास क्षणभर अडवला की तोच शब्द नीरफणस होतो. हा अडथळा उलट्या स्वल्पविरामाने, 'कोमा लिलिऊ'ने दाखवतात आणि घाईत गाळतात. घरात बोलणाऱ्याचे संदर्भावर भागते, वाचून शिकणाऱ्याचे नाही. 'क'च्या बोलण्यात आणखी एक पेच: 'फाना' (बंदूक) आणि 'फाङा' (उपसागर) दोन्ही 'फाङा'च ऐकू येतात.

न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या जनगणनेत इंग्रजी आणि माओरीनंतर सर्वाधिक बोलली जाणारी भाषा सामोअन होती. तिथली मुले ऑक्टोबरातल्या बालरविवारी चर्चमध्ये पाठ केलेली वचने स्वच्छ 'त'मध्ये म्हणतात. आजीचा 'क' कानावर पडायला मात्र घरातच सामोअन बोलावी लागते.