सर्पपेटीतील तापमान व आर्द्रता

पाळीव सापाच्या बंदिस्त पेटीत त्याच्या जातीला मानवेल इतकी ऊब व हवेतील ओल राखण्याची पद्धत. साप अनियततापी आहे. शरीरातील उष्णता तो स्वतः फारशी निर्माण करीत नाही, उन्हातून सावलीत व सावलीतून उन्हात सरकून ती जुळवून घेतो. म्हणून पेटीचे एक टोक उबदार व दुसरे त्या मानाने थंड ठेवतात आणि दोन्ही टोकांना लपण्यास आडोसा देतात. आडोसा एकाच टोकाला असला, तर साप ऊब सोडतो पण आडोसा सोडत नाही, आणि मग उतरत्या तापमानाची सारी रचना निरुपयोगी ठरते.

नाग, घोणस, धामण, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई असल्यामुळे येथील विवेचन बॉल पायथन व कॉर्न स्नेक या विदेशी जातींपुरते आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली असून बॉल पायथन तीत मोडतो.

उतरत्या तापमानाच्या पेटीचा उगम काउल्स व बोगर्ट या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांच्या १९४४ मधील संशोधनाशी जोडण्याकडे कल असतो. वाळवंटातील सरडे व साप केवळ हवेबरोबर तापत-निवत नाहीत, तर वर्तनाने शरीराचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतात, हे त्यांनी दाखविले. तथापि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ मध्ये उघडलेल्या सर्पालयात, तेथील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभिरक्षक जोन प्रॉक्टर यांच्या आराखड्यानुसार, निरनिराळ्या भागांना विजेने कमीअधिक ऊब देण्याची सोय होती. त्याच संग्रहालयाचे पहिले सर्पालय १८४९ चे होते. त्यामुळे व्यवहार आधी आला आणि त्याची शास्त्रीय उपपत्ती मागाहून मिळाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. घरगुती पेट्यांत ही रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली असावी.

बॉल पायथनसाठी उबदार टोक सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोक २५ ते २७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प) साधारण ५५ ते ७० टक्के योग्य मानतात. कॉर्न स्नेकला उबदार बाजूस २९ ते ३१ अंश व ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. ऊब खालून द्यावी की वरून, याविषयी मतभेद आहेत. खालून तापणाऱ्या हीट मॅटचे समर्थक पचनास पोटाखालची ऊब आवश्यक मानतात. परंतु सूर्याची उष्णता वरून येते आणि तिने तापलेली जमीन पोटाला शेकते, हे पाहता वरून दिलेली ऊब निसर्गाला जवळची ठरते. साधन कोणतेही असो, ठरावीक तापमानाला ऊब आपोआप तोडणारा थर्मोस्टॅट अपरिहार्य आहे. तापलेल्या पृष्ठभागावरून साप वेळीच बाजूला होईलच असे नाही आणि पोटाचे खवले भाजतात.

सापेक्ष आर्द्रता तापमानाशी बांधलेली असते, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. गोव्यात पावसाळ्यात २६ अंशांच्या हवेत आर्द्रता ९० टक्के असेल, तर दर घनमीटरला सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा ३२ अंशांपर्यंत तापविली, की बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांवर येते. म्हणजे उबदार टोक आपोआप योग्य मर्यादेत येते आणि अडचण उरते ती थंड टोकाची. परदेशी मार्गदर्शिका कोरड्या, थंड देशांतील घरे गृहीत धरतात. त्यांतील रोज पाणी फवारण्याचा सल्ला मृगापासून चतुर्थीपर्यंत गोव्यात पाळला, तर सापाला अपायच होतो. सकाळी काचेच्या आतून थेंब ओघळू लागले, पाण्याच्या भांड्याखालच्या सोडणाच्या (नारळाच्या सालीच्या) तुकड्यांवर पांढरी बुरशी धरली, की फवारणी तत्काळ थांबवावी, तळाचा थर बदलावा आणि जाळीची झडप उघडी ठेवावी. ओली हवा आणि ओला तळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारा खेळता असेल, तर दमट हवा बॉल पायथन बऱ्यापैकी सोसतो. ओल्या तळावर मात्र पोटाच्या खवल्यांना कुजका रोग जडतो आणि कोंदट गारव्यात श्वसनमार्गाचा संसर्ग बळावतो. आफ्रिकेत ही जात उंदरांच्या बिळांत व वाळवीच्या वारुळांत राहते. गोव्यात सातेरीच्या रूपाने पुजली जाणारी रोयण (वारूळ) ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला बाहेरच्या हवेपासून वेगळे राहणारे हे आतले हवामान कसे असते, हे निराळे सांगावे लागत नाही.

हिवाळ्यात जमिनीवरून येणारे वारे कोरडे असल्याने उलट दिशेची काळजी घ्यावी लागते. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झाल्यावर आर्द्रता कमी पडली, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरील पापुद्रा अडकून राहतो. तो ओढून काढू नये. झाकणाला साप आत शिरेल एवढे भोक पाडलेल्या डब्यात ओलसर शेवाळ घालून ठेवणे पुरेसे होते. एप्रिल-मेमध्ये खोली ३३ अंशांवर गेली, तर तापक बंदच ठेवावा. पस्तिशीपुढील तापमान दीर्घकाळ टिकल्यास जिवावर बेतते. वातानुकूलन यंत्र तापमानाबरोबर बाष्पही काढून घेते, हे लक्षात ठेवावे.

आर्द्रतामापकाची पारख मिठाने करतात. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते रबडीसारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि टोपण मापकासह घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. मापक सुमारे ७५ टक्के दाखवील, त्याहून जे कमीअधिक तेवढी त्याची चूक. यासाठी आगरातील खडेमीठ घेऊ नये. त्यात राहिलेल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे आकडा खाली येतो.