ठाण्यात मालमत्ता करवाढीला हरकत कशी घ्यायची: मुदत, पात्रता, कागदपत्रे

करवाढीची बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "सह्या गोळा करा." सह्या हव्यातच, पण त्या कुठे द्यायच्या हे आधी ठरवा. बिल दोन कारणांनी वाढते: एकतर कराचा दर वाढतो, नाहीतर आपल्या घराचे करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर आकारला जातो ती. दोन्हींसाठी अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी.

दराचे आधी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या आर्थिक वर्षाचे दर स्थायी समितीच्या प्रस्तावावर विचार करून महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. म्हणून विरोधाची खरी वेळ जानेवारीपासूनची. एप्रिलनंतर बिल हातात पडल्यावर काढलेला मोर्चा त्या वर्षापुरता उशिराच ठरतो. निवेदन आयुक्त, स्थायी समितीचे सभापती आणि प्रभागातले सगळे नगरसेवक यांच्या नावे लिहा, पाचपाखाडीच्या मुख्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. महासभेऐवजी प्रशासक असेल, तर अधिकार त्यांच्याकडे असतात. मग निवेदनही त्यांनाच. यावर भाडेकरूसुद्धा सही करू शकतो. सोसायटीतर्फे देत असाल तर कार्यकारी समितीचा ठराव जोडा. बिलातला राज्य शासनाचा शिक्षण कर मात्र महापालिका फक्त वसूल करते, तो कमी करणे तिच्या हातात नाही.

आता करयोग्य मूल्य. माझ्या मते सामान्य माणसाला खरा दिलासा इथे मिळू शकतो, आणि इथेच लोक सर्वात कमी लक्ष देतात. घराचे अपेक्षित वार्षिक भाडे धरून त्यातून १० टक्के दुरुस्तीपोटी वजा केले की करयोग्य मूल्य निघते. समजा, घर ५० चौरस मीटरचे आणि भाड्याचा दर महिना ३० रुपये प्रति चौरस मीटर. वर्षाचे १८,००० रुपये, वजावटीनंतर १६,२००. हेच क्षेत्रफळ नोंदवहीत चुकून ५८ पडले, तर मूल्य १८,७९२ होते आणि ती चूक दरवर्षी बिलात येत राहते. म्हणून नोटीस आली की आधी क्षेत्रफळ, मग वापर (निवासी की व्यावसायिक), मग घर स्वतःच्या वापरात आहे की भाड्याने दिले आहे, हे ताडून पाहा.

मूल्य वाढवले किंवा मालमत्तेची पहिल्यांदाच नोंद झाली, तर मालकाला किंवा भोगवटादाराला (प्रत्यक्ष जागा वापरणाऱ्याला) विशेष नोटीस द्यावी लागते. ती बजावल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार गेली पाहिजे. वॉचमनने सही करून नोटीस घेतली असेल, तर त्याच्याकडून तारीख विचारून पाकिटावर लिहून ठेवा.

अर्ज प्रत्येक सदनिकेचा वेगळा करावा, कारण मालमत्ता क्रमांक वेगळा असतो. "कर फार आहे" एवढे लिहून भागत नाही. नियमात हरकतीची कारणे थोडक्यात पण पूर्ण मांडायला सांगितले आहे. सोबत नोटिशीची प्रत, मागचे बिल आणि पावती, नोंदणीकृत करारनामा व इंडेक्स २ (दस्त नोंदणीचा उतारा), क्षेत्रफळाचा वाद असेल तर मंजूर नकाशा, वापराचा वाद असेल तर वीजबिल, आणि ओळखपत्र. दुसऱ्याला पाठवणार असाल तर अधिकारपत्र द्या. अर्ज आपल्या प्रभाग समितीच्या कर विभागात द्या, मग ती नौपाडा-कोपरीची असो की दिव्याची. सुनावणीची तारीख कळवली जाते. त्या दिवशी मूळ कागद घेऊन स्वतः जा.

हरकत दिली म्हणून बिल थांबत नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, त्यामुळे "हरकत राखून" असे पत्र देऊन रक्कम भरलेली बरी. याचा पुढेही उपयोग होतो. निर्णय मान्य नसेल तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे १५ दिवसांत अपील करता येते, पण त्याआधी आयुक्तांकडे तक्रार होऊन ती निकाली निघालेली असावी लागते आणि वादातली कराची रक्कम महापालिकेकडे जमा असावी लागते.