पहिला डाव पडण्याचा

कराटे शिकावं, बॉक्सिंग, ज्युदो की कुस्ती, असं ठरवताना बहुतेक जण ‘यातलं भारी कोणतं’ असं विचारतात. शिकणाऱ्याच्या शरीराला त्या प्रश्नाचा उपयोग नाही. त्याने विचारायचं ते असं: या कलेत माझ्या अंगावर जोर कुठून येणार आणि तो कुठे जिरणार?

बॉक्सिंगमध्ये जोर देताना मूठ आणि मनगट झिजतं, घेताना डोकं. तायक्वांदोत लाथांवर भर असल्यामुळे घोटा, गुडघा आणि मांडीचा मागचा स्नायू यांची परीक्षा असते. कराटेचं एकच उत्तर नाही. काही शैलींत ठोसा अंगाजवळ आणून थांबवतात. क्योकुशिन या शैलीत धडावर पूर्ण जोराने मारतात, मात्र चेहऱ्यावर हाताने मारायला मनाई आहे. ज्युदो आणि कुस्तीत ठोसा-लाथ नाही, पण दर मिनिटाला पडणं आहे, आणि खांदा, गुडघा, मान यांवर पिळवटणारा ताण आहे. ब्राझिलियन जिउ-जित्सू बहुतांशी जमिनीवर चालतं, तिथे कोपर आणि गुडघा सांभाळावा लागतो.

निवड करताना एक गोष्ट सगळ्यांच्या वर ठेवावी. सरावाने कातडी जाड होते, ताण पडेल तिथलं हाड घट्ट होतं, पण मेंदू मार खाऊन टणक होत नाही. डोक्यावरच्या माराची सवय होते असं ज्याला वाटतं, त्याचं फक्त दुर्लक्ष वाढलेलं असतं. म्हणून लहान मुलांना, आणि पूर्वी डोक्याला मार लागून गरगरलेल्या कोणालाही, डोक्यावर प्रहार नसलेली कलाच निवडावी असं आमचं ठाम मत आहे.

प्रहार नाही म्हणजे डोकं सुरक्षित, असंही मात्र नाही. जपानमधल्या शालेय ज्युदोत झालेल्या डोक्याच्या गंभीर दुखापती मुख्यतः नवशिक्या मुलांच्या होत्या, आणि त्यांत ओसोतोगारी हा डाव वारंवार आढळला. या डावात समोरच्याचा पाय मागून झाडून त्याला सरळ पाठीवर पाडतात. पडणाऱ्याची मान सैल असली, तर पाठ थांबते आणि डोकं मागे झटकलं जातं. कवटी अचानक थांबते, आतला मेंदू किंचित फिरत राहतो आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून फाटतात. यासाठी डोकं जमिनीवर आपटायलाच हवं असंही नाही. नुसता हिसकाही पुरतो.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. आजही ज्युदोच्या वर्गात नवशिक्याला डावाआधी ‘उकेमी’, म्हणजे पडण्याची रीत, शिकवतात. तिच्यामागचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. पडताना शरीर जितक्या उंचीवरून येतं, त्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागलं की सरासरी धक्का गुरुत्वाच्या किती पट आहे ते कळतं. एक मीटरवरून पडून एका सेंटिमीटरात थांबलात तर १०० पट. चार सेंटिमीटरात थांबलात तर २५ पट. दहा सेंटिमीटर मिळाले तर दहाच पट. मॅट, पाठीचा गोल बाक आणि आधी वाकलेले गुडघे या तिन्हींचं काम एकच, थांबायला अंतर मिळवून देणं.

तालमीतली माती रोज खणण्याचं कारणही हेच. खणणं हा पैलवानाचा व्यायाम आहेच, पण भुसभुशीत मातीत शरीर रुततं आणि थांबण्याचं अंतर वाढतं. तेल, ताक, लिंबू, हळद मिसळून ओलसर राखलेली माती घट्ट बसत नाही. काही दिवस न खणलेल्या आखाड्यात नवख्याला पाडू नये. ती माती दिसायला तीच असते, पण तिचा अंगाला उपयोग फरशीपेक्षा फार जास्त नसतो.

दुसरा हिशेब डोक्याच्या वेगाचा आहे. १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस दांडक्यासारखा ताठ मागे कोसळला, तर त्याचं डोकं जमिनीला टेकताना ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगात असतं. त्याच उंचीवरून एखादा दगड सोडला तर तो ताशी सुमारे २० किलोमीटरनेच येतो. टाचेभोवती फिरणाऱ्या दांड्याचं टोक मोकळ्या पडणाऱ्या वस्तूपेक्षा वेगवान असतं, म्हणून असं होतं. यावर उपाय म्हणजे ताठ न राहणं. आधी खाली बसायचं, मग टेकायचं, मग पाठ गोल करून घरंगळायचं.

अडचण अशी की शरीराला हे मान्य नसतं. तोल गेला की हात आपोआप पुढे किंवा मागे टेकायला जातो. ही प्रतिक्रिया बाळात सहा ते नऊ महिन्यांच्या सुमाराला दिसू लागते आणि जन्मभर राहते. ताठ कोपराने टेकलेल्या एका तळव्यावर सगळं वजन आलं, की मनगटाजवळचं हाड, कोपर किंवा गळपट्टीचं हाड मोडतं. म्हणजे उकेमी शिकताना नवीन हालचाल कमी आणि जुनी सवय मोडणं जास्त असतं. ‘समजलं’ एवढ्याने ते साधत नाही, आवृत्त्या लागतात.

क्रम असा ठेवावा. पहिल्या आठवड्यात पाठीवर झोपा, हनुवटी छातीला लावा, नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवा आणि डोकं दहा सेकंद उचलून धरा. असं पाच वेळा. त्याच स्थितीत दोन्ही हात शरीरापासून ३० ते ४५ अंशांवर, तळवा खाली ठेवून, खांद्यापासून बोटांपर्यंत एकदम मॅटवर आपटा. हात याहून लांब गेला तर खांदा ताणतो, फार जवळ राहिला तर आपल्याच कोपरावर आपण पडतो. आपटताना श्वास सोडा. धरून ठेवलेला श्वास पडताच बाहेर फेकला जातो आणि माणूस घाबरतो. दुसऱ्या आठवड्यात बसून मागे, मग उकिडवं बसून मागे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभं राहून मागे, पण आधी खाली बसत, मगच टेकून. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर नकोत, नाहीतर घोट्यावर घोटा आपटतो. पुढची कोलांटी त्यानंतर. जोडीदाराने हळू पाडायचं ते सगळ्यात शेवटी.

एका वेळेला पंधरा-वीस आवृत्त्या पुरे. त्यापुढे मान थकते, थकली की हनुवटी सुटते, आणि चुकीचं पडणंच अंगात भिनतं. पन्नास वेळा पाडून घेण्यात शौर्य नाही. डोकं आपटलं किंवा नुसतं झटकलं गेलं आणि डोकेदुखी, गरगर किंवा गोंधळ वाटला, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, झापड येऊ लागली किंवा डोळ्यांतल्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, तर थेट रुग्णालय.

वर्ग सुरू होण्याआधी सहा ते आठ आठवडे हाताशी असतील तर ते कंडरांना द्या. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जातंतूंची करामत असते, कारण मेंदू आहे तेच स्नायू जास्त चांगले वापरू लागतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, तिची बांधणी सावकाश. तिच्यात मोजता येईल असा बदल व्हायला दोन-तीन महिने लागतात. म्हणूनच महिनाभराने, जेव्हा ‘आता जोर आला’ असं वाटतं, तेव्हाच टाच, गुडघा किंवा कोपर दुखू लागतं. स्नायू पुढे गेलेला असतो, दोरी मागे राहिलेली असते.

दिवसाआड करा: टाचा उचलणं १५ चे दोन संच, सावकाश खाली येत, बैठका २० चे दोन संच, जोर पाच-पाचचे तीन संच, बारला टॉवेल टाकून तो धरून १० ते १५ सेकंद लोंबकळणं, कारण कपडा पकडणाऱ्या कलांत बोटं आधी थकतात. मानेसाठी कपाळाला, डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना हात लावून सहा-आठ सेकंद दाब द्या, मान न हलवता, प्रत्येक दिशेला पाच वेळा. डोकं जमिनीला टेकवून अंगाची कमान करण्याचा पैलवानी व्यायाम पहिल्या काही महिन्यांत नको. आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नका.

बैठकांबद्दल इशारा गंभीरपणे घ्यावा. सवय नसताना पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्या, तर मांडीचे स्नायू तुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नेहमीची अंगदुखी एक ते तीन दिवसांत टिपेला जाऊन ओसरते. मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिक्षा म्हणून बैठका घालायला लावणाऱ्या शिक्षकाकडे मूल पाठवू नका.

मिरगी, दमा, उच्च रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधं, एकच मूत्रपिंड किंवा एकच चांगला डोळा, मानेचं जुनं दुखणं यांपैकी काही असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वर्ग निवडताना एक पूर्ण तास कडेला बसून पाहा. नवशिक्याला पहिल्याच दिवशी पाडतात का? जोड्या वजन पाहून लावतात का? कोणी शरणागतीची थाप दिली की पकड त्याच क्षणी सुटते का? मॅटच्या फटींत बोट जातं का? त्या फटीतच पायाचं बोट अडकून गुडघा फिरतो. भिंत आणि मॅटच्या कडेत मोकळी जागा आहे का? भिंतीवरची पदकं आणि प्रमाणपत्रं यातलं काहीच सांगत नाहीत.

ठोसे शिकणार असाल तर मुठीवर मनगटपट्टी बांधायला आधी शिका. साडेचार मीटरची पट्टी मोठ्या माणसाला पुरते. फटका तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळावर बसायला हवा, मनगट सरळ हवं. करंगळीच्या बाजूने बसला की तिच्यामागचं तळहाताचं हाड बोटाच्या मुळाजवळ मोडतं. ही दुखापत इतकी नेहमीची आहे की तिला बॉक्सरच्या नावानेच ओळखतात.

अंगाला अंग लागणाऱ्या कलांत नायटा पसरतो. सराव झाल्यावर लगेच साबणाने आंघोळ, दर वेळी धुतलेला आणि पूर्ण वाळलेला पोशाख, नखं कापलेली, अंगठी-साखळी काढलेली, मॅटबाहेर चप्पल. गोल, खाजणारा चट्टा दिसला तर तो बरा होईपर्यंत पकडीचा सराव बंद.

ज्युदोचा पोशाख पहिल्या महिन्यात घेऊ नका. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट आणि बिनखिशाची विजार चालेल का, ते विचारा. महिन्याने घ्याल तेव्हा साध्या विणीचा, हलका घ्या, आणि बाही मनगटाच्या दोन बोटं पुढे येईल एवढा. सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं, आणि गरम पाण्याने आणखी आटतं.