चांदी मारत नाही, तिचा आयन मारतो

‘नॅनो सिल्व्हर’च्या, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या जाहिरातीत चांदीचे चकाकते गोळे जंतूंवर तुटून पडताना दाखवतात. चित्र झकास आहे, पण चुकीचं. धातुरूपातली चांदी बरीचशी निरुपद्रवी असते. मारतो तो तिचा आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू.

हा इलेक्ट्रॉन पळवतो ऑक्सिजन. मग ऑक्सिजनच काढून टाकला तर? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेमकं हेच केलं होतं. ऑक्सिजनविरहित वातावरणात ई. कोलाय जिवाणूंमध्ये चांदीचे नॅनोकण सोडले आणि जिवाणूंना काहीही झालं नाही! कण नुसती टाकी. आत भरलेत ते आयन.

सुटलेल्या आयनला गंधकाचं भारी वेड. चांदीची भांडी काळी पडतात ती याच वेडापायी. जिवाणूच्या प्रथिनांत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या टोकाशी गंधक आणि हायड्रोजनची जोडी. आयन तिथला हायड्रोजन हुसकावून स्वतः बसतो, प्रथिनाचा आकार बिघडतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या श्वसनसाखळीतली विकरं (एन्झाइम) ठप्प होतात आणि अडलेले इलेक्ट्रॉन भलत्याच ठिकाणी ऑक्सिजनला चिकटून पेशीलाच जाळत सुटतात.

कण इतके बारीक कशाला? 1 सेंटिमीटरच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे 10 नॅनोमीटरचे तुकडे केले की तेच होतं 600 चौरस मीटर, आणि आयन सुटतात पृष्ठभागावरूनच. पण मोकळे कण एकमेकांना चिकटतात. काचपात्रातलं पिवळं द्रावण करडं पडू लागलं की समजावं, गुठळ्या झाल्या, मेहनत वाया. म्हणून संकरित पदार्थ: कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ), सिलिका किंवा चिकणमातीच्या थरांत कण जागच्या जागी रोवायचे. कायटोसानमधला नायट्रोजन चांदीला धरून ठेवतो, आणि आयन थेंबाथेंबाने झिरपतात.

(चांदीचं पाणी ‘प्रतिकारशक्तीसाठी’ पिणाऱ्यांची कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. त्या आजाराला आर्जिरिया म्हणतात. प्रतिकारशक्ती वाढल्याचा पुरावा मात्र नाही.)

खरी डोकेदुखी आहे नळ किती उघडायचा ही. घामातलं, रक्तातलं क्लोराइड चांदीच्या आयनला गाठून त्याचा साका करतं, त्यामुळे प्रयोगशाळेत पुरणारी मात्रा जखमेवर तोकडी पडते. आणि कमी मात्रेत तगून राहिलेले जिवाणू शिकतातही. 1975 साली बोस्टनमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराला न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे त्याची जनुकं वाचली, तेव्हा त्यांत चांदी पेशीबाहेर उपसून टाकणारे पंप निघाले.