एक बटण आणि तुमचा पाय: लो-फाय लूप पेडल वापरताना

हे पेडल तुम्ही गिटारवर वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करतं आणि तोच पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. त्या फिरत राहणाऱ्या तुकड्याला लूप म्हणतात, आणि लो-फाय म्हणजे मुद्दाम थोडा खडबडीत ठेवलेला आवाज. पेडलवर एक बटण, दोन नॉब आणि एक दिवा आहे. स्क्रीन नाही, मेट्रोनोम नाही, चुकलेला ठोका ओढून जागेवर बसवणारी सोय नाही. ती सगळी जबाबदारी पायावर येते, म्हणून हे पत्रक वाचूनच रंगमंचावर जा.

बटण एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, दिवा लाल. दुसऱ्यांदा दाबलं की लूप तिथेच मिटतो आणि लगेच वाजू लागतो, दिवा हिरवा. तिसऱ्यांदा दाबलं की वर नवा थर चढतो. लागोपाठ दोनदा दाबलं की पेडल थांबतं, आणि थांबलेलं असताना दाबून धरलं की सगळं पुसलं जातं. पुसलेलं परत येत नाही.

यातलं खरं महत्त्वाचं दाबणं दुसरं. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत चार मात्रांचा लूप साधारण २.६७ सेकंदांचा होतो. पाय एक दशांश सेकंद उशिरा पडला तर ऐकताना फारसं खटकत नाही, पण तो उशीर लूपमध्ये कायमचा बसतो आणि प्रत्येक फेरीत पुन्हा येतो. शेजारी ड्रमर ९० चीच लय धरून वाजवत असेल, तर सात फेऱ्यांत तुमचा लूप त्याच्या एक अख्खी मात्रा मागे पडलेला असेल.

बहुतेक जण चौथी मात्रा संपायची वाट पाहतात आणि मग दाबतात. तसं करू नका. ‘एक, दोन, तीन, चार, एक’ असं मोजा आणि या दुसऱ्या ‘एक’वर, म्हणजे नेमका समेवर, पाय टाका. बटण खाली जाताना काम करतं, वर येताना नाही. आणि त्या क्षणी हात थांबवू नका, पुढच्या फेरीचा पहिला कॉर्ड वाजवतच राहा. पाय दाबायचा म्हणून हात आखडला की शेवटच्या सुराची शेपटी तुटते, आणि ती तुटलेली जागा दर फेरीला ऐकू येते. सराव कार्यक्रमात घालणार त्याच बुटांत करा. अनवाणी जमलेला ठोका जाड तळव्याच्या बुटात हमखास मागे पडतो.

आता आवाजाबद्दल. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. हे पेडल त्याच्या निम्मे, २२,०५० नमुने घेतं, तेही ८ बिटांचे, म्हणजे आवाजाच्या चढउताराला फक्त २५६ पायऱ्या. साधारण ११,००० हर्ट्झच्या वरचं काही साठवलंच जात नाही. तारांची झळाळी मंदावते आणि सूर विझताना एक खरखर ऐकू येते, कारण हळू आवाजाच्या वाट्याला त्या २५६ पैकी मोजक्याच पायऱ्या येतात. म्हणून पहिला थर बुजत वाजवू नका, भरघोस वाजवा.

आम्हाला हा आवाज मनापासून आवडतो. लूप थोडा धुरकट असल्यामुळे त्यावर तुम्ही प्रत्यक्ष वाजवलेली गिटार लखलखीत उठून दिसते, आणि जुनं कोणतं, आत्ताचं कोणतं हे श्रोत्याला न सांगता कळतं. मात्र प्रत्येक नवा थर चढताना खालचे सगळे थर त्याच २५६ पायऱ्यांत पुन्हा बसवले जातात. तीन थरांपर्यंत छान, पाचव्याला चिखल. खर्जातली एक ओळ, विरळ कॉर्ड, वर चार-दोन सूर: आमच्या मते एवढं पुरतं.

थर साचू द्यायचे नसतील तर दुसरा नॉब वापरा. पूर्ण उजवीकडे असताना जुना थर तसाच राहतो. मध्यावर आणला की नवा थर चढवताना तो प्रत्येक फेरीत निम्मा होतो, चार फेऱ्यांत जवळपास नाहीसा. दोन टेपरेकॉर्डर एकाच टेपने जोडून हेच साधलं जायचं: अमेरिकन संगीतकार टेरी रायली १९६० च्या दशकात, पुढे १९७० च्या दशकात इंग्लंडचे संगीतकार रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो. लांब, संथ सुरांना ही रीत फार शोभते.

जोडणी करताना हे पेडल डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या पेडलच्या, नंतर ठेवा. आधी ठेवलं तर सगळे थर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये शिरतात आणि त्यांचा लगदा होतो. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारं पेडल, मात्र लूप पेडलच्या नंतर असू द्या, म्हणजे लूपचा शेवट आणि सुरुवात जुळतात तो सांधा झाकला जातो. वीज ९ व्होल्ट डीसी, प्लगचा मध्यबिंदू ऋण. उलटा अडॅप्टर लावल्यास आतलं सर्किट जळू शकतं. बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर या पेडलला इतरांपासून वेगळा अडॅप्टर देऊन पाहा.

लूप अडखळतो म्हणून पेडल आमच्याकडे पाठवण्याआधी एक करा. ट्यूनरमधून सलग एक सूर सोडा, तो रेकॉर्ड करा आणि लूप हवा तिथे मिटवा. सांध्यावर बारीक ‘टक’ ऐकू आली तर ती साहजिक आहे, लहर अधेमधे कापली गेल्यामुळे येते. पण तिथे शांत पोकळी ऐकू आली तर दोष पेडलमध्ये आहे. मग ते जरूर पाठवा, आणि सोबत तुमचा अडॅप्टरही.