अग्निवीरवायू म्युझिशियन भरती: ओबो, क्लॅरिनेट, सनई वाजवणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या मुलामुलींसाठी अर्जाची माहिती

भारतीय हवाई दलाच्या, चार वर्षांच्या सेवेसाठी होणाऱ्या ‘अग्निवीरवायू म्युझिशियन’ भरतीच्या वाद्ययादीत ओबो या पाश्चात्त्य फुंकवाद्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या भागात ओबो वाजवणारी मुलं फारशी नाहीत. पण त्याच यादीत क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम आहेत, आणि शेवटी ‘सर्व भारतीय शास्त्रीय वाद्ये’ असंही आहे. मिरजेच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा दहावी पास मुलगा या भरतीला बसतो. देवळात चौघड्यासोबत सनई वाजवणाऱ्या घरातली मुलगीही बसते.

साताऱ्याला भरती नवी नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव जिल्ह्यात आहे, सैनिक स्कूल १९६१ पासून आहे, पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं प्रत्येक तालुक्यात दिसतात. पण ‘वाद्य वाजवता येतं’ ही सैन्यदलात जाण्याची पात्रता असू शकते, हे घरोघरी माहीत नाही. या भरतीची जाहिरात नेहमीच्या अग्निवीरवायू भरतीपासून वेगळी निघते आणि फॉर्म भरायला थोडेच दिवस मिळतात. २०२४ मध्ये नोंदणी २२ मे ते ५ जून होती, २०२५ मध्ये २१ एप्रिल ते ११ मे. जाहिरात बघून मग कागद गोळा करायला निघालं, की हातात काही उरत नाही. म्हणून हे आधी वाचून ठेवा.

कोण अर्ज करू शकतं

उमेदवार अविवाहित हवा, मुलगा किंवा मुलगी. सेवेत दाखल होताना वय साडेसतरा ते एकवीस. नेमक्या जन्मतारखा प्रत्येक जाहिरातीत दिलेल्या असतात आणि एका दिवसानेही सूट मिळत नाही. शिक्षण दहावी पास, मान्यताप्राप्त बोर्डातून. इथे टक्क्यांची अट नाही, नुसतं पास असणं पुरतं. नेहमीच्या अग्निवीरवायू भरतीत बारावी किंवा डिप्लोमा आणि निम्मे गुण लागतात, त्यामुळे गावात कुणी ‘तुला कमी मार्क आहेत, सोड’ म्हणालं तर ऐकू नका. ती अट या भरतीची नाही.

उंची मुलांना १६२ सेंमी, मुलींना १५२ सेंमी.

दहावी सोळाव्या वर्षी होते आणि सेवेत साडेसतरानंतरच जाता येतं. मधला काळ फुकट घालवू नका. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी), इंग्रजी आणि धावणं, तिन्हीची तयारी त्यातच होते.

वाद्य कोणतं लिहायचं

ज्या वाद्यावर तुमचा हात बसलेला आहे तेच लिहा. हे सांगायला लागतं, कारण सनई आणि ओबो एकाच जातीची वाद्यं आहेत हे कळल्यावर काही जणांना ओबो लिहिण्याचा मोह होतो. दोन्हीची रीड (तोंडात धरून फुंकायचा भाग) दोन पात्यांची, दोन्हीची नळी वरून अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी. साम्य तिथेच थांबतं. सनईला चाव्या नसतात. भोक बोटाने अर्धवट झाकून आणि ओठांचा दाब कमी-जास्त करून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढायची, हे तिचं शास्त्र. ओबोला चाव्यांची गुंतागुंतीची यंत्रणा असते, प्रत्येक अर्धस्वराला ठरलेलं बोट असतं, आणि दोन्ही ओठ दातांवर आत मुडपून त्यांच्या मध्ये रीड धरावी लागते. सनईवर दहा वर्षं घालवलेल्या माणसालाही ओबो नव्याने शिकावा लागतो. परीक्षकासमोर पहिल्या फुंकरीतच ते उघड होतं. सनई वाजवता तर भारतीय शास्त्रीय वाद्य म्हणून सनईच लिहा, आणि एक राग नीट मांडता येईल एवढी तयारी करा. लग्नातली गाणी सफाईने वाजवता येणं चांगलंच, पण ‘शास्त्रीय’ या शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते.

बँडमधल्या मुलांना माझा वेगळा आग्रह आहे. तुम्ही कानाने वाजवता, गाणं दोनदा ऐकून उचलता, ही ताकद मोठी आहे. पण कागदावरचे स्वर वाचायला शिका. जाहिरातीत कोणतीही एक लिपी चालते असं म्हटलेलं असतं: स्टाफ नोटेशन, टॉनिक सोल्फा, टॅब्लेचर, हिंदुस्थानी किंवा कर्नाटक पद्धत. म्हणजे भातखंडे किंवा पलुसकर पद्धत येत असेल तरी पुरतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे आणि त्यांच्या परीक्षांची केंद्रं दोन्ही जिल्ह्यांत आहेत. प्रवेशिका, मध्यमा यांसारखी परीक्षा दिली असेल तर लिपी हातात असते आणि सोबत एक प्रमाणपत्रही येतं. पाश्चात्त्य वाद्यांना ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा आहेत. एबीआरएसएममध्ये ओबो आणि ‘बसून’ (bassoon, ओबोच्याच जातीचं खालच्या सुरांचं फुंकवाद्य) या दोन्ही वाद्यांच्या परीक्षा होतात.

वाद्याच्या चाचणीत काय बघतात

चाचणीत तयार केलेली एक धून वाजवायची असते. लिपीत लिहिलेलं वाजवायचं असतं. आपलं वाद्य आपण सुरात लावायचं असतं. परीक्षक एक स्वर देतो, तो कोणता आहे हे न सांगता, आणि तो गळ्याने किंवा वाद्यावर जुळवून दाखवायचा असतो. ताल आणि सूर सांभाळून एक अख्खं गाणं गायचंही असतं.

हे शेवटचं ऐकलं की वाद्य वाजवणारी मुलं बिचकतात. आवाज गोड असण्याची अट कुठेच नाही. लय घसरू नये आणि गाणं मध्येच दुसऱ्या पट्टीत जाऊ नये, एवढं सांभाळा. साधं भजन किंवा देशभक्तिगीत घ्या, सगळी कडवी पाठ करा आणि रोज तानपुऱ्याच्या ॲपवर एकाच पट्टीत म्हणा. अनोळखी स्वर जुळवण्याचा सराव घरच्या कुणालाही घेता येतो: त्याने पेटीवर डोळे मिटून एक पट्टी दाबायची, तुम्ही गाऊन दाखवायचं.

फॉर्म भरताना

अर्ज फक्त ऑनलाइन होतो. २०२५ मध्ये तो सीडॅक या सरकारी संस्थेने तयार केलेल्या अग्निपथवायू संकेतस्थळावर होता; आताचा पत्ता चालू जाहिरातीत बघा. शुल्क तेव्हा शंभर रुपये आणि वर जीएसटी होतं. प्रवेशपत्र ईमेलवर येतं, म्हणून ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा द्या. नेट कॅफेवाल्याचा किंवा सेवा केंद्राचा ईमेल टाकलात तर प्रवेशपत्र त्यांच्याकडे जाईल आणि तुम्ही वाट बघत बसाल.

फोटोची रीत इथे वेगळी आहे. छातीसमोर काळी पाटी धरून फोटो काढायचा, त्या पाटीवर पांढऱ्या खडूने इंग्रजी मोठ्या अक्षरांत आपलं नाव आणि फोटो काढल्याची तारीख लिहायची. मागची भिंत फिकट रंगाची, डोक्यावर टोपी नाही. पगडीची सवलत शीख उमेदवारांना. फोटो स्टुडिओत हे सांगितलं तर बहुतेक ठिकाणी पाटी नसते. शाळेतल्या लहान भावंडाची पाटी घेऊन जा आणि अक्षरं ठळक गिरवा. फाइल अगदी लहान लागते, काही किलोबाइटची. ती लहान करताना पाटीवरचं नाव पुसट झालं तर फोटोचा उपयोग नाही. झूम करून नाव वाचता येतंय का ते बघा, मगच अपलोड करा.

याशिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा, सही आणि दहावीचं प्रमाणपत्र किंवा गुणपत्रक स्कॅन करून लागतं. अर्जाच्या वेळी अठरा पूर्ण नसतील तर आई, वडील किंवा पालकाची सहीही लागते. वडील ऊसतोडीला किंवा मुंबईला असतील तर शेवटच्या दिवशी ती सही कुठून आणणार? आधीच कोऱ्या पांढऱ्या कागदावर घेऊन स्कॅन करून ठेवा.

नावाचा घोळ महाराष्ट्रातल्या मुलांचा खास आहे. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा उलट क्रम असतो, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं असतं, कुठे स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त असतं. फॉर्ममध्ये नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरायची. आधार त्याच्याशी जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. जाहिरात निघाल्यावर आधार केंद्रात रांग लावली तर फॉर्मची मुदत संपेपर्यंत दुरुस्ती हातात येईल याचा भरवसा नाही.

प्रत्यक्ष भरतीला मूळ कागद न्यायचे: दहावीचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रक, आधार, छापलेलं प्रवेशपत्र, अर्जाची प्रत, संगीताची प्रमाणपत्रं, एनसीसी केलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट आकाराचे जास्तीचे फोटो. अल्पवयीन असाल तर जाहिरातीतल्या नमुन्यातलं पालकांचं संमतीपत्र. प्रत्येकाच्या झेरॉक्स दोन-दोन काढा.

भरतीच्या ठिकाणी

२०२४ ची भरती जुलैमध्ये कानपूर आणि बंगळूरु इथे झाली, २०२५ ची जूनमध्ये दिल्ली आणि बंगळूरु इथे. ठिकाण आणि दिवस प्रवेशपत्रावर असतो. बंगळूरु असेल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस सोयीची, दिल्लीला मिरज-साताऱ्यावरून गोवा एक्सप्रेस. आदल्या दिवशी पोहोचून रात्रभर झोप घ्या, कारण चाचण्या एकापाठोपाठ एक होतात: आधी वाद्याची, मग इंग्रजीची लेखी, मग शारीरिक, मग अॅडॅप्टेबिलिटी टेस्ट, म्हणजे सैनिकी वातावरणात राहता येईल का याची परीक्षा, आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. इंग्रजी दहावीच्या पातळीचं असतं.

वाद्य स्वतःचं न्या. रीडची वाद्यं असतील तर चांगल्या बसलेल्या तीन-चार रीड वेगळ्या डबीत घ्या. सांगलीच्या हवेत सुरेल वाजणारी ओबोची रीड दिल्लीच्या जूनमध्ये कोरडी पडून तोंड मिटते, आणि पावसाळी हवेत तीच जड होऊन बसते. छोट्या बाटलीत पाणी ठेवा आणि वाजवण्याआधी काही मिनिटं रीड भिजवा. सनईवाल्यांनीही पत्ती (सनईची रीड) नवीकोरी नेऊ नये. घरी वाजवून मऊ झालेलीच न्या.

शारीरिक चाचणीत मुलांना १.६ किमी सात मिनिटांत, मुलींना आठ मिनिटांत धावायचं. मुलांना दहा पुशअप, दहा सिटअप आणि वीस बैठका, मुलींना दहा सिटअप आणि पंधरा बैठका. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे सोपं वाटेल, पण दिवसभर रियाज करणारी मुलं इथेच मागे पडतात. तीन महिने रोज धावलात तर पुरे.

वैद्यकीय तपासणीत सहा मीटरवरून केलेली कुजबूज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकू यावी लागते. ब्रास बँडमध्ये ढोल आणि स्पीकरच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांनी कान आधी तपासून घ्यावेत. दातांचे किमान चौदा डेंटल पॉइंट (चांगल्या दातांना मिळणारे गुण) लागतात. दातांची कामं आपण पुढे ढकलतो. फुंकवाद्य वाजवणाऱ्याला तर ती तशीही परवडत नाहीत. शासकीय रुग्णालयात दाखवून किडलेले दात वेळेत भरून घ्या.

पगार आणि चार वर्षांनंतर

पहिल्या वर्षी महिना तीस हजार, मग तेहेतीस, साडेछत्तीस आणि चौथ्या वर्षी चाळीस हजार. यातले तीस टक्के सेवानिधीत कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात एकवीस हजार येतात. सरकार तेवढीच रक्कम घालतं आणि चार वर्षांनी सुमारे १०.०४ लाख रुपये व त्यावरचं व्याज मिळतं. सेवाकाळात ४८ लाखांचं विमाकवच असतं. पेन्शन नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना कायम केलं जातं. सेवेच्या चार वर्षांत लग्न करता येत नाही, हे मुलींच्या घरच्यांनी आधीच समजून घ्यावं.

म्हणजे बहुतेकांना पंचविशीच्या आत बाहेर पडावं लागेल, आणि घरी हे मोकळेपणाने बोलायला हवं. तरीही मला ही संधी मोलाची वाटते. सांगली-साताऱ्यात राहून वाद्यवृंदात बसायला, रोज वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरसमोर वाजवायला कुठे मिळतं? हवाई दलाचा एअर वॉरियर सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, तिथे ओबोसारखी वाद्यं शिकलेल्या माणसांच्या शेजारी बसून काम होतं. लग्नसराई संपली की बँडवाल्याचं घर कसं चालतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना चार वर्षांच्या नियमित पगाराचं महत्त्व सांगायला नको.

‘बसून’ (bassoon) हे वाद्य वाजवत असाल तर

हवाई दलाच्या यादीत बसूनचं नाव नाही. त्याऐवजी नौदलाची ‘अग्निवीर एमआर (मॅट्रिक रिक्रूट) म्युझिशियन’ भरती बघा. तिथे भारतीय किंवा परदेशी, कोणत्याही वाद्यावर प्रत्यक्ष हात हवा असं म्हटलेलं असतं, वाद्यांची नावं ठरवून दिलेली नसतात. शिक्षण तिथेही दहावी पास. उंचीची अट वेगळी आहे: मुलांना १५७ सेंमी, मुलींना १५२. १६२ च्या अटीमुळे हवाई दलात न बसणाऱ्या क्लॅरिनेट किंवा सनईवाल्या मुलांनीही म्हणून इकडे अर्ज करावा. २०२४ मध्ये ही नोंदणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, १ ते ११ तारखेला झाली होती. निवड झालेल्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्का इथे होतं, आणि नौदलाची संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला आयएनएस कुंजाली इथे आहे. दोन्ही भरत्यांसाठी कागद जवळपास तेच लागतात. एकदा लावलेली फाइल दोन्हीकडे चालते, फक्त फोटोच्या सूचना प्रत्येक जाहिरातीत नव्याने वाचा.